सात गोल: कॅनडाच्या २००५च्या ज्युनिअर आइस हॉकी संघाची निवड

जानेवारी २००५ मध्ये कॅनडाच्या वीस वर्षांखालील आइस हॉकी संघाने जागतिक ज्युनिअर स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याचा हिशेब असा होता: सहा सामने, सहा विजय, केलेले गोल ४१, खाल्लेले गोल ७. या संघाचा विषय निघाला की लोक ४१वर थांबतात. सिडनी क्रॉस्बी, पॅट्रिस बर्जरॉन, रायन गेट्झलाफ, कोरी पेरी, जेफ कार्टर ही पोरं एकाच संघात असल्यावर गोलांचा पाऊस पडणारच, असं म्हणून बोलणं मिटतं. मला मात्र या प्रकरणात त्या दुसऱ्या आकड्याने धरून ठेवलंय. हे सात कसे झाले आणि सातच का झाले, हे शोधत गेलं की संघनिवडीची सगळी गोष्ट उलगडते.

आपल्याकडच्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. ही स्पर्धा आपल्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकासारखी, पण दरवर्षी होणारी. नाताळच्या सुमारास सुरू होते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आटोपते. कॅनडात ते दिवस सुट्टीचे, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि घराघरात टीव्हीवर ही पोरं. तिथे हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. नुसता ‘आइस’ शब्दही कुणी लावत नाही. त्यामुळे ज्युनिअर संघात कोण आलं, कोण राहिलं, यावर डिसेंबरभर जे चालतं ते आपल्याकडे क्रिकेटच्या संघनिवडीनंतर चहाच्या टपरीवर चालतं तसंच.

हातातून निसटलेलं सुवर्ण

१९९३ ते १९९७ अशी सलग पाच वर्षं कॅनडाने सुवर्णपदक घेतलं होतं. मग १९९८मध्ये थेट आठवा क्रमांक, त्यात कझाकस्तानकडून ६-३ असा पराभव. त्यानंतर १९९९ ते २००४ या सहा वर्षांत पदक दरवर्षी आलं, पण चार रौप्य आणि दोन कांस्य. सोनं नाही.

यातलं सर्वांत जिव्हारी लागलं ते २००४चं रौप्य. हेलसिंकीतला अंतिम सामना, समोर अमेरिका. शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा कॅनडा ३-१ने पुढे. अमेरिकेने बघता बघता बरोबरी साधली. मग कॅनडाचा गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लेरी पुढे आलेला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, दूर फटकावायला जाळं सोडून बाहेर आला. त्याने पक मारला, तो त्याच्याच संघातल्या ब्रेडन कोबर्नच्या अंगावर आदळला आणि उलटा फिरून रिकाम्या जाळ्यात गेला. ४-३. गोल अमेरिकेच्या पॅट्रिक ओसुलिव्हनच्या नावावर लागला आणि सामना तिथेच गेला.

फ्लेरी १९८४चा, त्यामुळे पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. २००५च्या स्पर्धेला १९८५ किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळू शकत होते. कोबर्न मात्र बसत होता. त्याच्यासह २००४च्या संघातले बारा जण पुन्हा निवडले गेले: बचावात कोबर्न, डिऑन फनूफ, ब्रेंट सीब्रुक आणि शॉन बेल, पुढच्या फळीत क्रॉस्बी, गेट्झलाफ, कार्टर, माइक रिचर्ड्स, अँथनी स्ट्युअर्ट, नायजेल डॉज, जेरेमी कॉलिटन आणि स्टीफन डिक्सन. २२ जणांच्या संघात १२ जुने. ज्युनिअर पातळीवर हे प्रमाण खूप मोठं, कारण पोरं वयाच्या अटीने दरवर्षी गळतच असतात. कर्णधारपद रिचर्ड्सला मिळालं.

मला स्वतःला कोबर्नची निवड या यादीतली सगळ्यात बोलकी वाटते. खेळ पाहता त्याची जागा पक्कीच होती, तिला कुणाच्या दयेची गरज नव्हती. तरीही, ज्याच्या अंगावरून पक उडून सुवर्ण गेलं, त्याच पोराला वर्षभराने तुम्ही स्वतःच्या गोलसमोर उभं करता, तेव्हा बाकी सगळ्या संघाला काही सांगावं लागत नाही.

टाळेबंदीने दिलेलं दान

१६ सप्टेंबर २००४ला नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या मालकांनी खेळाडूंना टाळं लावलं. पगाराच्या मर्यादेवरून वाद होता. तो इतका चिघळला की फेब्रुवारीत पूर्ण हंगामच रद्द झाला. एरवी काय होतं? एकोणीस वर्षांचा उत्तम खेळाडू एकतर व्यावसायिक संघात राहतो किंवा ज्युनिअर लीगला परत पाठवला जातो. राहिला, तर क्लब त्याला ऐन हंगामात देशाच्या ज्युनिअर स्पर्धेसाठी सोडायला सहसा राजी नसतो. त्या वर्षी क्लबच बंद. रिचर्ड्स, कार्टर, गेट्झलाफ, पेरी, फनूफ, शे वेबर, सीब्रुक हे सगळे पुढच्याच, म्हणजे २००५-०६च्या हंगामात मोठ्या लीगमध्ये उतरले. टाळेबंदी नसती तर यातले किती जण डिसेंबरमध्ये हाती लागले असते, कोण जाणे.

पण खरा लाभ बर्जरॉनचा. त्याने बोस्टनकडून २००३-०४चा आख्खा हंगाम काढला होता, ७१ सामने, ३९ गुण (केलेला गोल किंवा गोलसाठी दिलेला पास, प्रत्येकी एक). वर २००४मध्येच प्रागला कॅनडाच्या मोठ्यांच्या संघातून जागतिक सुवर्णपदकही घेतलेलं. आणि वय १९. मोठ्यांचं सुवर्ण आधी मिळवून मग ज्युनिअरचंही घेणारा असा खेळाडू त्याआधी झाला नव्हता. टाळेबंदीत तो बोस्टनच्या दुय्यम संघातून प्रॉव्हिडन्सला खेळत होता आणि तिथून त्याला सोडलं गेलं. त्याला खोलीत जोडीदार दिला तो सतरा वर्षांचा क्रॉस्बी, आणि बर्फावरही त्याच्याच डाव्या बाजूला क्रॉस्बी. उजवीकडे पेरी.

टाळेबंदीचं श्रेय निवड समितीला देता येणार नाही, हे उघड आहे. आणि तिचा फायदा एकट्या कॅनडाला झाला असंही नाही. रशियाकडे अलेक्झांडर ओवेच्किन आणि येव्गेनी माल्किन होते, अमेरिकेकडे रायन सूटर होता.

आठ सेंटर

आता मुख्य मुद्दा. प्रशिक्षक होता ब्रेंट सटर. अल्बर्टातल्या व्हायकिंग गावच्या सात सटर भावांपैकी एक. त्यातले सहा जण नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळलेले. रेड डिअर रेबल्स या ज्युनिअर संघाचा तो मालकही होता आणि प्रशिक्षकही. या घराण्याचा खेळ कसा, तर पक सुटला तरी माणूस सोडायचा नाही.

सटरच्या संघातल्या तेरा फॉरवर्डची यादी घेऊन बसा आणि प्रत्येकापुढे तो आपल्या क्लबात कुठे खेळतो ते लिहा. बर्जरॉन, क्रॉस्बी, गेट्झलाफ, कार्टर, रिचर्ड्स, कॉलिटन, डिक्सन, कॉलिन फ्रेझर: आठ सेंटर. एका वेळी बर्फावर पुढच्या फळीतले तीन फॉरवर्ड असतात: मध्ये एकच सेंटर, दोन्ही बाजूंना विंगर. चार फळ्या धरल्या तरी चार सेंटर पुरतात. मग दुप्पट कशाला?

सेंटरचं काम जवळून पाहिलं की उत्तर मिळतं. पंच दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतो, त्या फेसऑफला उभा राहतो तो सेंटर. आपल्या गोलसमोर गर्दी झाली की खाली येऊन दोन बचावपटूंच्या जोडीला तिसरा उभा राहतो तोही सेंटर. विंगर सहसा वर, आपल्या बचावक्षेत्राच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेजवळ, प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूवर लक्ष ठेवून असतो आणि पक सुटला की धावायला मोकळा. म्हणजे ज्याने लहानपणापासून सेंटर खेळलंय, त्याच्या पायांना आपल्या गोलकडे परत धावायची सवय आहे. अशा पोराला विंगवर लावलं तरी ती सवय जात नाही. फळीत दोन-दोन सेंटर असले की एकाला फेसऑफच्या वर्तुळातून पंचाने हाकललं तरी दुसरा तयार, आणि एक पुढे अडकला तर दुसरा मागे हजर.

क्रॉस्बीचं उदाहरण घ्या. तो रिमूस्कीचा राजा होता. त्या क्लबात सगळं त्याच्याभोवती फिरायचं, देशातला सगळ्यात गाजलेला ज्युनिअर खेळाडू तो. इथे त्याला सांगितलं गेलं: मध्ये बर्जरॉन, तू डावीकडे. त्याने तिथून सहा गोल केले. लोक सहा गोल लक्षात ठेवतात. मला दिसतं ते हे, की आपली जागा सोडून दुसऱ्याच्या बाजूला खेळायला तो तयार झाला, आणि कार्टर, रिचर्ड्स, फ्रेझर यांच्याबाबतही निवड करताना हीच तयारी गृहीत धरलेली होती. क्लबात जो पहिल्या फळीत खेळतो, त्याला राष्ट्रीय संघात चौथ्या फळीत एक खेळी पंचेचाळीस सेकंदांची खेळून परत बाकावर बसायचं असतं. सगळ्यांना ते जमत नाही. निवडणाऱ्याला तेच ओळखायचं असतं, आणि आकडेवारीच्या कागदावर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

बचावाबद्दल थोडक्यात. फनूफ, वेबर, सीब्रुक, कोबर्न: चौघेही सहा फुटांच्या बरेच वर, धडकेला घट्ट. अमेरिकेतल्या रिंक युरोपपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे बगल देऊन निसटायला जागा कमी. हेलसिंकीच्या रुंद बर्फावर जो बचावपटू जड वाटेल तोच अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्सला, म्हणजे २००५ची स्पर्धा झाली तिथे, भिंत होतो. स्पर्धा कुठे आहे हे पाहून संघ निवडणं ही साधी गोष्ट आहे, पण ती विसरली जाते.

पश्चिमेचा भरणा

कॅनडात ज्युनिअर हॉकीच्या तीन मोठ्या लीग आहेत: पश्चिमेची, ओंटारिओची आणि क्वेबेकची. मिळून पन्नासहून अधिक संघ. २००५च्या बावीस जणांची वाटणी केली तर पश्चिमेचे १४, ओंटारिओचे ५, क्वेबेकचे २ आणि एक बर्जरॉन. सात बचावपटूंत पश्चिमेबाहेरचा एकटा डॅनी सिव्रेट, ओंटारिओतल्या लंडन शहराच्या लंडन नाइट्सचा. दोन्ही गोलरक्षक पश्चिमेचे. सटर स्वतः पश्चिमेचा. फनूफ आणि फ्रेझर तर त्याच्याच क्लबातले.

मुंबईच्या मैदानांवरून संघनिवडीच्या गप्पा ऐकत मोठ्या झालेल्या माणसाच्या कानाला हे लगेच खटकेल. मलाही आधी खटकलं. पण नावं एकेक करून तपासली की आक्षेप पातळ होतो. फनूफ त्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. वेबर, सीब्रुक आणि गेट्झलाफ २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सुवर्णविजेत्या संघात होते. फ्रेझरसारख्या चौथ्या फळीतल्या निवडीवर मात्र वाद घालता येईल. तिथे प्रशिक्षकाने ओळखीचं पोर घेतलं, कारण शेवटच्या दोन मिनिटांत ते काय करेल हे त्याला ठाऊक होतं. बाहेर राहिलेल्या एखाद्या ओंटारिओच्या पोराच्या घरी हे पटणार नाही, आणि त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. कमी वेळात जमवायच्या संघात ओळखीला किंमत असते. फक्त ती किंमत कुणीतरी दुसरा चुकवत असतो.

जाळ्यासमोर कोण

सगळ्यात नाजूक निवड गोलरक्षकाची. आधीच्या वर्षी जाळ्यात फ्लेरी होता, २००३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या क्लबांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या फेरीत, पहिल्या क्रमांकावर उचललेला. यंदा तसं मोठं नाव नव्हतं. निवडले गेले कुटने आइसचा जेफ ग्लास आणि प्रिन्स अल्बर्ट रेडर्सचा रेजान बोशमिन. बोशमिनला जर्मनीविरुद्धचा सामना मिळाला आणि त्यात एकही गोल झाला नाही. बाकीचे पाच ग्लासने खेळले. म्हणजे ते सातही गोल ग्लासवर झालेले. सामन्यामागे सरासरी १.४०.

आणि इथे या प्रकरणाचं मर्म आहे असं मला वाटतं. ग्लासला मोठ्या लीगमधला पहिला सामना मिळाला २९ डिसेंबर २०१७ला, शिकागोकडून, एडमंटनमध्ये. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मधली तेरा वर्षं दुय्यम लीग आणि रशिया यांत गेली. त्या रात्री त्याने ४२ फटके अडवले आणि शिकागोने जादा वेळेत ४-३ने सामना जिंकला. बोशमिनला ती संधी कधीच मिळाली नाही. बावीस जणांपैकी मोठ्या लीगचा बर्फ न पाहिलेले दोघेच, बोशमिन आणि डिक्सन. एवढ्या दिग्गज संघात सर्वांत कमी वलय होतं ते नेमकं गोलरक्षकांना, आणि तरी जाळ्यात गेले सातच गोल. गोलरक्षकांचं श्रेय मी काढून घेत नाही. ग्लासने आपलं काम चोख केलं. पण सटरने संघ असा बांधला होता की गोलरक्षकाने दर रात्री चमत्कार करण्याची गरजच पडू नये.

सहा रात्री

स्पर्धा होती अमेरिकेत, नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सला आणि जोडीला मिनेसोटातलं थीफ रिव्हर फॉल्स. ग्रँड फोर्क्स सरहद्दीच्या इतकं जवळ की विनिपेगहून गाडीने दोन-अडीच तासांत पोचता येतं. यजमान अमेरिका, आणि प्रेक्षकांत जिकडेतिकडे कॅनडाचे लाल-पांढरे अंगरखे.

पहिला सामना स्लोव्हाकियाशी, ७-३. हे तीन गोल धरून ठेवा. पुढे स्वीडन ८-१, जर्मनी ९-०, फिनलंड ८-१. म्हणजे पहिल्या रात्रीनंतर उरलेल्या पाच सामन्यांत मिळून कॅनडावर चारच गोल झाले. गटात पहिला क्रमांक, त्यामुळे थेट उपांत्य फेरी.

मधेच एक अडचण आली. बचावपटू कॅम बार्कर आजारी पडला आणि त्याची स्पर्धा अर्धवट राहिली. सहा बचावपटूंवर निभवावं लागलं. सातवा बचावपटू घेऊन ठेवण्याचा अर्थ अशा वेळी कळतो.

उपांत्य सामना चेक संघाशी. त्यांच्या जाळ्यात मारेक श्वार्झ, जो स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट गोलरक्षक ठरला. इथे गोलांचा पाऊस थांबला, ३-१. चाळीस गोलांच्या भरवशावर बांधलेला संघ अशा रात्री घाबरतो. हा संघ घाबरला नाही, कारण त्याच्याकडे दुसरी गोष्ट शाबूत होती: समोरच्याला एकच गोल करता आला.

अंतिम सामना ४ जानेवारीला, रशियाशी. रशियाने उपांत्य फेरीत अमेरिकेला ७-२ने झोडपलं होतं, आणि ओवेच्किन पुढे स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट फॉरवर्ड ठरला. सामना सुरू होऊन मिनिट व्हायच्या आत गेट्झलाफने गोल केला. त्यानंतरची कामगिरी बघण्यासारखी होती: ओवेच्किनच्या काठीला पक लागला की कुणीतरी अंगावर. प्रत्येक वेळी, न चुकता, आणि दर वेळी वेगळा माणूस. दुसऱ्या सत्रात कॅनडाने चार गोल केले. खांद्याच्या दुखापतीने ओवेच्किनला सामना सोडावा लागला. शेवटी ६-१. बर्जरॉनचे १३ गुण, स्पर्धेत सर्वाधिक, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच. कोबर्नच्या गळ्यात सुवर्णपदक.

मग पुढच्या वर्षी

हे सगळं टाळेबंदीचं आणि एका असामान्य पिढीचं देणं होतं का? कुठल्याही प्रकरणात असा प्रश्न विचारता येतो, पण पडताळून पाहायची सोय सहसा नसते. इथे ती आहे.

२००६ची स्पर्धा व्हँकुव्हरला होती. प्रशिक्षक तोच, सटर. टाळेबंदी उठलेली, क्रॉस्बी पिट्सबर्गला, बर्जरॉन बोस्टनला, बाकीचे वयाने बाहेर किंवा मोठ्या लीगमध्ये. संघ जवळजवळ संपूर्ण नवा: कर्णधार काइल चिपचुरा, बचावात मार्क स्टाल आणि क्रिस लेतांग, पुढे सतरा वर्षांचा जोनाथन टेव्स, जाळ्यात जस्टिन पोगी. कुणी यांना संभाव्य विजेते म्हणून डोक्यावर घेतलं नव्हतं.

त्या संघाने सहाच्या सहा सामने जिंकले. अंतिम फेरीत माल्किनच्या रशियाला ५-०. सहा सामन्यांत केलेले गोल २५; आदल्या वर्षीपेक्षा १६ कमी. नवी पोरं त्या पिढीइतकी गुणी नव्हती, हे त्या आकड्यात स्वच्छ दिसतं. आणि खाल्लेले गोल? सहा. आदल्या वर्षीपेक्षा एक कमी.

दोन्ही याद्यांत एकच नाव सारखं आहे. आदल्या वर्षी आजारपणामुळे ज्याला स्पर्धा अर्धवट सोडावी लागली होती, तो कॅम बार्कर. या वेळी तो शेवटपर्यंत बर्फावर होता.